वृद्धांच्या घरातील दुरुस्ती : मक्ता देण्यापूर्वी

धार जिल्ह्यातील धरमपुरी हे नर्मदेच्या उत्तर काठावरील गाव एकेकाळी पवारांच्या धार संस्थानातील एक परगणा होते. पवारांच्या पाठोपाठ माळवा-निमाडात स्थिरावलेली मराठी कुटुंबे धार, देवास, इंदूर या पट्ट्यात आजही आहेत. त्यांची पुढची पिढी मात्र नोकरीपायी दूर गेली आणि मागे राहिले ते जुने घर व त्यात राहणारे आईवडील. गोमंतकीय वाचकाला हे चित्र परके वाटू नये. २०११च्या जनगणनेनुसार गोव्यातील ११.२ टक्के लोक साठीच्या पुढचे होते, आणि या प्रमाणात केरळखालोखाल गोव्याचा क्रम लागत होता. डिचोलीतले चिऱ्याचे घर असो वा नर्मदाकाठचे मातीविटांचे, त्यातील वृद्धांना घर सोडायचे नसते. त्यामुळे घरालाच थोडे बदलावे लागते, आणि त्यासाठी गवंडी, प्लंबर किंवा ठेकेदार शोधावा लागतो.

हे काम किरकोळ समजले जाते. दोन दांडे, एक कमोड, दारापुढे उतार, असा हिशेब असतो. प्रत्यक्षात नवे घर बांधण्यापेक्षा ते अधिक जोखमीचे आहे, कारण चुकीचा बसवलेला दांडा नसलेल्या दांड्यापेक्षा घातक ठरतो. नसलेल्या दांड्यावर कोणी भार टाकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी पडण्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात आणि त्यांत साठीवरील माणसे सर्वाधिक असतात. मांडीचे हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळलेले आजोबा किंवा आजी प्रत्येक गावात कोणी ना कोणी पाहिलेले असतात.

म्हणून ठेकेदाराला बोलावण्याआधी एक दिवस घरातील ज्येष्ठ व्यक्तीबरोबर घालवावा. ती व्यक्ती सकाळी उठताना कशाला धरते, न्हाणीघरात शिरताना कोणता पाय आधी टाकते, रात्री दिव्याचे बटण शोधत किती पावले अंधारात चालते, हे पाहून लिहून ठेवावे. भिंतीवर जेथे हाताचे मळकट डाग पडले आहेत, तेथेच दांड्याची गरज असते. पक्षाघात किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कोणत्या बाजूला आधार हवा हे फिजिओथेरपिस्टला विचारावे. उजवा हात कमजोर असलेल्या माणसासाठी उजव्या भिंतीवर दांडा लावून ठेकेदार निघून गेला, असे होऊ शकते. सांगणारा कोणी नसेल तर त्यात त्याचाही फारसा दोष नसतो.

मापे मात्र आधीच ठरलेली असावीत. सुगम्यतेच्या प्रचलित निकषांनुसार चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी, शौचकूपाची बैठक जमिनीपासून सुमारे ४५० ते ४८० मिलिमीटर उंच असावी आणि उतार एकास बाराहून अधिक चढा नसावा. यांतील शेवटच्या मापाची सर्वाधिक पायमल्ली होते. जुन्या घराची जोती पंचेचाळीस सेंटिमीटर उंच असेल, तर एकास बाराच्या हिशेबाने उतार ५.४ मीटर, म्हणजे जवळजवळ अठरा फूट लांब होतो. अंगणात तेवढी जागा नसली की पाच फुटांत उतार बसवून दिला जातो. त्यावरून चाकाची खुर्ची खाली सोडणे म्हणजे घसरगुंडीच होय. जागा अपुरी असेल, तर उताराचा हट्ट सोडून उंच पायऱ्यांचे अर्धे टप्पे करून घ्यावेत आणि दोन्ही बाजूंना कठडा लावावा. चालता येणाऱ्या वृद्धासाठी पुष्कळदा हेच अधिक सोयीचे पडते.

भिंतीचा प्रश्न प्रदेशागणिक बदलतो. गोव्यातील चिरा सच्छिद्र आणि जागोजागी ठिसूळ असतो. माळवा-निमाडातील जुन्या घरांत मातीच्या गाऱ्यात रचलेल्या विटा असतात. दोन्ही ठिकाणी प्लास्टिकच्या गुटक्यात स्क्रू पिळून बसवलेला दांडा काही महिने टिकतो आणि नेमका भार पडताच निखळतो. अशा भिंतीत दांडा आरपार बोल्टाने आवळून मागच्या बाजूस लोखंडी पट्टी लावावी, किंवा रासायनिक चिकटद्रव्य भरून खोल नांगरणी करावी. भिंत अगदीच पोकळ असेल, तर जमिनीत रोवलेला खांबदांडा बरा. टाइल्सच्या पोकळीवर दांडा कधीही बसवू देऊ नये. टॉवेल टांगण्याची चकचकीत दांडी ही आधारदांडी नव्हे, हेही दुकानातच स्पष्ट करून घ्यावे. त्या दोन्ही वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात.

न्हाणीघरात आणखी काही गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. दार बाहेर उघडणारे हवे, कारण आत पडलेली व्यक्ती दाराला टेकून पडली तर आत उघडणारे दार हलत नाही. कडी बाहेरूनही उघडता यावी. लाद्या खरबरीत हव्यात. भारतीय पद्धतीचे पात्र काढून कमोड बसवताना नळ्या झाकण्यासाठी गवंडी खोलीची जमीन चार-सहा इंच उचलतो आणि तेथे एक नवी पायरी जन्माला येते. पूर्वी जेथे ठेच लागत नव्हती तेथे ती लागू लागते. अशी पायरी होणार असेल तर काम सुरू होण्यापूर्वीच विचारावे आणि नळ्यांची वाट बदलून घ्यावी. विजेच्या कामात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा आणि पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा.

धरमपुरीच्या बाबतीत एक जास्तीचा पेच आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे मध्य प्रदेशात जी १९२ गावे आणि एक नगर बाधित म्हणून नोंदले गेले, ते नगर म्हणजे धरमपुरी. जलाशय २०१९च्या सप्टेंबरात प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि २०२३च्या सप्टेंबरातील पुरात धार व बडवानी जिल्ह्यांतील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा ठिकाणी वृद्धांची खोली तळमजल्यावर आणावी की वर ठेवावी? जिना चुकवायचा तर तळमजला बरा. पूर आला तर तोच सापळा ठरतो. वाळवंटीच्या काठावरील साखळी-डिचोलीच्या रहिवाशांना हा प्रश्न नवा नाही. यावर मध्यम मार्ग असा की रोजचा वावर खाली ठेवावा, परंतु जिन्याला दोन्ही बाजूंनी भक्कम कठडे लावून वरची एक खोली सज्ज ठेवावी. विजेचे सॉकेट उंचावर घ्यावेत. घराची जागा पुनर्वसनाच्या यादीत असेल, तर मोठा खर्च करण्याआधी संबंधित कार्यालयात तिची स्थिती पाहून घ्यावी.

आता ठेकेदाराकडे वळू. एकाच प्रकारचे काम करणारे तिघे बोलावून त्यांच्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात वस्तूंची नावे व प्रत यांचा उल्लेख मागावा. 'बाथरूमचे संपूर्ण काम' असा एका ओळीचा आकडा निरुपयोगी असतो. त्याने पूर्वी केलेले असे एखादे न्हाणीघर प्रत्यक्ष पाहावे, आणि त्या घरातील वृद्धाला, मुलाला नव्हे, विचारावे. सगळी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. थोडी उचल, साहित्य आल्यावर काही, नळ्यांची चाचणी झाल्यावर काही आणि किमान दहावा हिस्सा एक पावसाळा किंवा ठरावीक महिने उलटल्यावर, असे हप्ते पाडावेत. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत म्हणजे नोंद राहते.

रोजंदारीवर गवंडी लावणे स्वस्त वाटते, पण येथे कायद्याची एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा घरबांधणीला सेवा मानतो, मात्र 'वैयक्तिक सेवेचा करार' त्यातून वगळतो. मालकाच्या हुकुमाने रोजावर काम करणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार टिकणे म्हणूनच कठीण असते. मक्ता घेतलेल्या ठेकेदाराची गोष्ट वेगळी. याच कायद्याने दूर राहणाऱ्या मुलांचीही मोठी सोय केली आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पणजीत राहणाऱ्या मुलाने धरमपुरीतील घरासाठी स्वतः ठेकेदार नेमून पैसे दिले असतील, तर तो गोव्यातच तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ आहे आणि ज्येष्ठांसाठी 'एल्डर लाइन' १४५६७.

काम चालू असतानाचे आठ-दहा दिवस हा बहुधा विसरला जाणारा भाग. एकुलते शौचालय फोडले की सत्तर-ऐंशीच्या माणसाने कोठे जायचे? शेजाऱ्यांकडे, नातलगांकडे किंवा खुर्चीवजा कमोडची सोय आधी करावी. धुळीने दम लागणाऱ्यांना त्या काळात दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या घरी हलवावे. दूर राहणाऱ्या मुलांनी भिंती बुजवण्यापूर्वी नळ्यांची आणि तारांची छायाचित्रे मागवून ठेवावीत. पुढच्या दुरुस्तीला तीच उपयोगी पडतात. घर वडिलोपार्जित असून भावंडांचा वाटा असेल, तर भिंती पाडण्याआधी त्यांची लेखी संमती घ्यावी. उतार रस्त्यावर किंवा गटारावर येत असेल, तर पंचायत वा नगरपरिषदेला विचारावे.

काम संपल्याचे ठेकेदार सांगेल तेव्हा एका धडधाकट माणसाने आपला सगळा भार प्रत्येक दांड्यावर टाकून पाहावा, जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच जाते ना हे पाहावे आणि दाराची कडी बाहेरून उघडावी. मग ज्यांच्यासाठी हे सारे केले, त्यांनी मुलाचा हात न धरता पलंगावरून उठून न्हाणीघरात जाऊन परत यावे. दांडा दोन इंच वर हवा होता असे त्या वेळी त्या म्हणाल्या, तर तो त्याच दिवशी हलवून घ्यावा. शेवटचा हप्ता तोवर खिशातच असावा.