सोलर पॅनेल मोजताना वायरीचा हिशेब

५४० वॅटचे सोलर पॅनेल शेतात तपासताना मीटरवर ४९५ वॅट दिसले, तर पॅनेलला नावे ठेवण्याआधी मीटरपर्यंत ओढलेली वायर पाहावी. मधले पंचेचाळीस वॅट तिनेच खाल्लेले असू शकतात.

बीडहून धाराशिवकडे निघाले की मांजरसुंब्यानंतर बालाघाटाच्या पठारावर चौसाळा लागते. पावसाचा भरवसा नाही, उन्हाला तोटा नाही, असा हा मुलूख. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत इथल्या शेतकऱ्यालाही जमिनीनुसार ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याने भरायचे १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५. पंपाचे पाणी कमी पडू लागले की संशय तो चालवणाऱ्या पॅनेलवर जातो. खरे-खोटे करणारे यंत्र म्हणजे पॅनेलचा करंट आणि व्होल्टेज मोजणारा मीटर, आय-व्ही ट्रेसर. मुंबई आयआयटीच्या एनसीपीआरई या केंद्राने २०१३ पासून देशभर पॅनेलांच्या पाहण्या केल्या, त्यांतही पॅनेले बसवलेल्या जागी जाऊनच अशी मोजणी झाली.

आता हिशेब. ५४० वॅटचे पॅनेल भर उन्हात सुमारे ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देते. मीटर १० मीटरवर सावलीत ठेवला, तर जाऊन-येऊन वायर २० मीटर. ती दीड स्क्वेअर एमएमची असेल तर तिचा रोध सुमारे ०.२७ ओहम, म्हणजे साडेतीन व्होल्ट वाटेतच गळाले. चार स्क्वेअरची घेतली तरी सव्वा व्होल्टच्या आसपास जातोच. जाड वायरीने चूक कमी होते, संपत नाही.

संपवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली आहे आणि ती लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाते. दोन जाड वायरींतून करंट न्यायचा आणि व्होल्टेज मोजायला दोन बारीक वायरी वेगळ्या, थेट पॅनेलच्या कनेक्टरपाशी जोडायच्या. मल्टिमीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे या वायरींतून अँपिअरचे जेमतेम चार दशलक्षांश वाहतात. वायरीचा रोध एक ओहम धरला तरी व्होल्टेजची घट चार मायक्रोव्होल्ट! मनगटाएवढी केबल जे साधू शकत नाही ते केसाएवढी वायर साधते, ही गोष्ट मला अजूनही अद्भुत वाटते.

पॅनेलचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पीटी-१०० या सेन्सरचा रोध एका अंशाला ०.३८५ ओहमने बदलतो. त्याला अर्ध्या स्क्वेअरची १० मीटर जोडवायर लावली की पाऊण ओहमची भर पडते आणि पॅनेल आहे त्यापेक्षा दोन अंश गरम दिसते. पॅनेलचा वॅटेज २५ अंशांवर ठरवलेला असल्याने हे दोन अंश थेट हिशेबात शिरतात. इथेही उपाय चार वायरींचाच.

उन्हाळ्यात तापलेल्या मातीवर वायर पडून ६० अंशांना पोचली, तर तांब्याचा रोध २० अंशांच्या मानाने सोळा टक्के वाढतो. घरगुती पीव्हीसी वायरीची मर्यादा साधारण ७० अंशांची. उन्हात ती लवकर कडक होऊन तडकते. सोलर केबलमध्ये कथिलाचा मुलामा दिलेले तांबे, दुहेरी आवरण, ९० अंशांची आणि १५०० व्होल्ट डीसीची क्षमता असते. दहा पॅनेले एका रांगेत जोडली तर उघड्या टोकांवर ५०० व्होल्टच्या जवळ भरतात, तेव्हा इथे काटकसर नको.

घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला ती सवलत नाही. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर ठिणगी लांबत जाते आणि प्लास्टिक वितळते. आधी मीटरचा लोड बंद करायचा, करंट शून्य दिसला की मगच कनेक्टर सोडवायचा. एका कंपनीचा नर आणि दुसरीचा मादी कनेक्टर बसला, तरी वापरू नये. आतले धातू नीट भिडत नाहीत आणि सांधा तापतो.