पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चाळीस वर्षे

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावलेली इंद्रायणी कामशेतवरून देहू-आळंदीकडे जाते. या नदीकाठच्या मावळी गावांत भजनी मंडळ असणे ही काही मुद्दाम सांगण्याची गोष्ट नाही. वीणेकरी, पखवाजी, टाळकरी, चाल सांगणारे बुवा असा सगळा सरंजाम गावोगाव असतो. तिथे एक वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे: अभंगाला सिनेमाची चाल लावावी का? म्हातारी मंडळी म्हणतात, नको. पोरे म्हणतात, शब्द तुकोबांचेच आहेत ना, मग चाल कुणाची का असेना!

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजानेही हा वाद अनुभवला आहे. गोव्यातल्या साष्टीत राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 मध्ये छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. येशूची कथा सांगायला या इंग्रज जेझुइटाने छंद निवडला तो ज्ञानेश्वर-एकनाथांचा. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनच्या चर्चमधून पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गायली जाऊ लागली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्या चर्चमध्ये अभंग आणि भजन आणले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

इतक्या लांबून सुरुवात करण्याचे कारण असे, की या लेखाचा विषय असलेल्या कॅलिफोर्नियातल्या एका बँडला हाच प्रश्न चाळीस वर्षे विचारला गेला आणि तोही फार कडवटपणे. त्यांची ‘चाल’ होती हेवी मेटल.

मेटल म्हणजे विजेच्या गिटारचा मुद्दाम खरखरीत, जाड केलेला आवाज, तोच तुकडा पुन्हापुन्हा घोळवणारी धून आणि दोन्ही पायांनी बडवला जाणारा मोठा ड्रम. 1970 मध्ये आलेल्या ‘ब्लॅक सबाथ’च्या पहिल्या रेकॉर्डच्या आतल्या बाजूला उलटा क्रूस छापलेला होता. तेव्हापासून या संगीताला सैतानाचे संगीत म्हणण्याची रीत पडली. पुढच्या अनेक बँडनी ती प्रतिमा आपणहून मिरवली, कारण ती खपत होती. शिकागोच्या ‘रिझरेक्शन बँड’सारख्यांनी सत्तरच्या दशकातच श्रद्धा आणि कर्कश गिटार एकत्र आणली होती. पण ते मुख्यतः ख्रिस्ती वर्तुळात ऐकले गेले. ती भिंत ओलांडली ‘स्ट्रायपर’ने.

रॉबर्ट स्वीट आणि मायकेल स्वीट हे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या ऑरेंज काउंटीतले दोघे भाऊ. थोरला रॉबर्ट ड्रम वाजवायचा, धाकटा मायकेल गिटार वाजवायचा आणि गायचा. 1975 च्या सुमारास हे कुटुंब दूरचित्रवाणीवर जिमी स्वॅगार्ट या धर्मोपदेशकाची प्रवचने ऐकून श्रद्धेकडे वळले. पोरे मोठी झाली, लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांतून वाजवू लागली आणि धर्म मागे पडला. तेव्हा त्यांच्या बँडचे नाव होते ‘रॉक्स रेजीम’. गिटारवर ऑझ फॉक्स आला, बेसवर टिम गेन्स. 1983 मध्ये एका मित्राने त्यांना परमेश्वरासाठी वाजवा असा आग्रह धरला. चौघांनी तो मानला, गाणी बदलली, नावही बदलले. यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायात अंगावर उठलेल्या वळांचा, इंग्रजीत ‘स्ट्राइप्स’चा, उल्लेख आहे, त्यावरून ‘स्ट्रायपर’ हे नाव आले. त्या वळांची खूण म्हणून कपडे, गिटार, ड्रम, सगळ्यांवर पिवळे-काळे पट्टे आले.

1984 मध्ये ‘एनिग्मा’ कंपनीने त्यांची ‘द येलो अँड ब्लॅक अटॅक’ ही छोटी रेकॉर्ड काढली. पुढच्या वर्षी ‘सोल्जर्स अंडर कमांड’ हा पूर्ण अल्बम आला आणि बँड जपानपर्यंत जाऊन पोहोचला.

त्यांचा मंच डोळ्यांसमोर आणण्याजोगा आहे. बहुतेक बँडमध्ये ड्रम वाजवणारा मागे, झांजांच्या आडोशाला बसतो. रॉबर्टने आपला ड्रमसेट आडवा मांडला. प्रेक्षकांना त्याची एक बाजू पूर्ण दिसे: मनगट कसे वळते, पाय कुठे पडतो, सगळे. स्वतःला तो ड्रमर म्हणवून घेत नसे, ‘डोळ्यांना दिसणारा ताल’ अशा अर्थाचे बिरुद लावी. पुढे मायकेल आणि फॉक्स दोन गिटारवर एकच स्वरावली समांतर वाजवत, एक वरच्या सुरात, एक खालच्या. त्यावर मायकेलचा वरच्या पट्टीत जाऊनही न चिरकणारा आवाज. आणि मग कार्यक्रमात केव्हातरी बँडच्या चिन्हाची चिकटचित्रे लावलेली नव्या कराराची छोटी पुस्तके गर्दीत फेकली जात. समोर बिअर पिऊन आलेली पोरे असत. ती पुस्तके झेलत.

1986 चा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ हा या बँडचा कळस. अमेरिकेत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. ‘ऑनेस्टली’ हे त्यातले संथ गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढले. एमटीव्हीवर फर्माइशी येऊ लागल्या. ख्रिस्ती मेटल बँड आणि एमटीव्ही, हे दोन शब्द तोवर एका वाक्यात येत नव्हते.

पण नेमक्या याच अल्बमच्या वेळी पहिली मोठी चीर पडली. ध्वनिमुद्रणाच्या आधी गेन्स बँडबाहेर गेला. मॅट ह्युरिक नावाचा बेसवादक काही काळ आला आणि गेला. स्टुडिओत बेस वाजवला तो ब्रॅड कॉबने. अल्बम बाहेर येईपर्यंत गेन्स परतला होता, त्यामुळे छायाचित्रांत आणि दौऱ्यात तोच दिसतो.

यश आले तसा विरोधही आला. ज्या स्वॅगार्टच्या प्रवचनाने स्वीट कुटुंब श्रद्धेकडे वळले होते, त्यानेच ख्रिस्ती रॉकवर तोफ डागली. 1987 मध्ये त्याने मेंढराच्या कातड्यातला लांडगा अशा आशयाचे पुस्तकच काढले. पवित्र शास्त्र असे गर्दीत भिरकावणे त्याला मान्य नव्हते. दुसरीकडे मेटलचे चाहते आणि समीक्षक या चौघांना धर्मप्रचारक ठरवून मोकळे झाले. दोन्ही अंगणांत हे परकेच. टिळकांवर जुन्या आप्तेष्टांनी आणि नव्या धर्मबंधूंनी असाच दुहेरी संशय घेतला होता, हे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको.

1988 च्या ‘इन गॉड वी ट्रस्ट’ने ‘टू हेल’ची उंची गाठली नाही. ध्वनिमुद्रण फार गुळगुळीत झाले होते, मेटलचा खरखरीतपणा घासून गेला होता. मग 1990 मध्ये ‘अगेन्स्ट द लॉ’ आला. पट्टे गेले, देवाचे नाव गाण्यांतून जवळजवळ गेले, काळे चामडे आले. ‘अर्थ, विंड अँड फायर’च्या एका जुन्या गाण्याची नवी आवृत्तीही त्यात होती. वादनाच्या बाजूने पाहिले तर हा त्यांचा वाईट अल्बम मुळीच नाही. गिटार इथे पूर्वीपेक्षा मोकळी वाजते. पण ख्रिस्ती दुकानांचा विश्वास गेला आणि मेटलचा नवा ग्राहक आला नाही. 1992 च्या सुरुवातीला मायकेल बाहेर पडला. उरलेले तिघे काही काळ रेटत राहिले आणि थांबले.

बँडमधून माणूस जाणे ही तशी रोजची गोष्ट. पैसे, दारू, कंटाळा, संसार, अहंकार, कारणे सगळीकडे तीच. मात्र एखादा बँड श्रद्धेच्या नावाने उभा असेल तर त्याच्या प्रत्येक सोडचिठ्ठीचा अर्थ धर्माच्या तराजूत लावला जातो. गेन्स गेला, म्हणजे त्याचा विश्वास डळमळला का? मायकेल गेला, म्हणजे परमेश्वराने हात काढून घेतला का? साध्या रॉक बँडला असे कुणी विचारत नाही. स्ट्रायपरच्या फाटाफुटींकडे पाहताना हे ओझे विसरून चालत नाही. या माणसांना चुकायची मुभा इतरांपेक्षा कमी होती, हे या बँडच्या कहाणीतले सर्वांत बोचरे सत्य आहे.

नव्वदच्या दशकात ग्रंज हा नवा रॉकप्रकार आला आणि केस वाढवलेले, चकचकीत कपड्यांतले सगळेच बँड एका फटक्यात जुने झाले. मायकेलने एकट्याचे अल्बम केले. फॉक्स आणि गेन्स यांनी ‘सिन डिझी’ हा बँड काढला, 1998 मध्ये त्याचा एकच अल्बम आला. दरम्यान ख्रिस्ती मेटल स्ट्रायपरच्या पुढे निघून गेले होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ‘मॉर्टिफिकेशन’ने श्रद्धा थेट डेथ मेटलच्या गुरगुरत्या आवाजात नेली. त्या बँडमध्ये अनेक जण आले-गेले, बेस वाजवणारा आणि गाणारा स्टीव्ह रो तेवढा कायम राहिला. त्याला 1996 मध्ये रक्ताचा कर्करोग झाला, त्यातून उठून तो पुन्हा गाऊ लागला.

स्ट्रायपरचे मूळचे चौघे 2003 मध्ये पुन्हा एकत्र दौऱ्यावर निघाले. चाहत्यांनी पट्ट्यांचे जुने शर्ट पेट्यांतून बाहेर काढले. पण वर्षभरात गेन्स पुन्हा बाहेर. त्याच्या जागी ट्रेसी फेरी आला आणि 2005 चा ‘रिबॉर्न’ त्याच्यासह झाला. मायकेलच्या गळ्याची किंमत बाहेरच्यांनाही होती. ‘बॉस्टन’ या गाजलेल्या बँडचा गायक ब्रॅड डेल्प 2007 मध्ये गेला, तेव्हा पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात त्याची गाणी गायला बोलावलेल्यांत मायकेल होता. 2009 च्या मार्चमध्ये त्याची पत्नी काईल कर्करोगाने गेली. त्याच वर्षी ‘मर्डर बाय प्राइड’ आला.

त्यानंतर गेन्स परतला आणि मूळचे चौघे आणखी काही वर्षे एकत्र राहिले. 2013 चा ‘नो मोअर हेल टू पे’ आणि 2015 चा ‘फॉलन’ ही त्या वर्षांची कमाई. पन्नाशीच्या आसपासच्या माणसांनी ऐन तारुण्यापेक्षा जड, गडद संगीत करावे असे क्वचित घडते. ते इथे घडले.

2017 मध्ये गेन्स कायमचा बाहेर पडला. जागा घेतली पेरी रिचर्डसनने, ‘फायरहाउस’चा जुना बेसवादक. फायरहाउस हे नाव महाराष्ट्रात फार जणांना ठाऊक नसेल, पण शिलाँग, ऐझॉल, दिमापूरकडे हा बँड घराघरांत पोहोचलेला आहे. चर्चमध्ये गाऊन तयार झालेले गळे आणि अमेरिकन रॉक यांची तिथली दोस्ती जुनी आहे. रिचर्डसन आल्यावर 2018 मध्ये जो अल्बम निघाला त्याच्या शीर्षकात देव आणि शिवी शेजारी बसल्यासारखे वाटत होते. वॉलमार्टने तो दुकानात ठेवायला नकार दिला. बँडचे म्हणणे असे, की ती देवाने दुष्टतेचा नाश करावा अशी प्रार्थना आहे. त्याच वर्षी लास व्हेगासला मंचावरच ऑझ फॉक्सला झटका आला आणि तपासणीत मेंदूत गाठी निघाल्या. तो उपचार घेत वाजवत राहिला. 2020, 2022 आणि 2024 या तिन्ही अल्बमवर त्याची गिटार आहे.

आपल्याकडे मेटलमधून धर्माचा विषय आला तो वेगळ्या वाटेने. स्ट्रायपरची पहिली रेकॉर्ड निघाली त्याच 1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ उभा राहिला. तोच पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, 1997 मध्ये थांबला आणि 2010 मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया या जुन्यांनी नवा बेसवादक आणि नवा ड्रमर घेऊन पुन्हा उभा केला. त्यांच्या गाण्यांत धर्मप्रचार नव्हता. साहिल माखिजा याने मुंबईतच 2000 मध्ये सुरू केलेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’चे नाव मात्र थेट असुरांचे. माणसे इतकी बदलली की साहिल सोडून आरंभापासूनचे कुणी उरले नाही. आणि याच बँडने 2017 मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दर अवताराला एक गाणे. त्यांनी तो उपासना म्हणून केला नव्हता, कथेच्या ताकदीसाठी केला होता. कोकणातल्या दशावतारी खेळात रात्रभर राक्षस आणि विष्णू एकाच मंडपात नाचताना पाहिलेल्या माणसाला यात काही वावगे वाटणार नाही. स्वीट बंधूंना अमेरिकेत जी परवानगी मागावी लागली, ती मागण्याची वेळ या मुंबईच्या पोरांवर आली नाही. ही आपल्या परंपरेची मोठी मिळकत आहे. चालीच्या नावाने नाक मुरडणाऱ्या मंडळींनीही ती सांभाळायला हवी.

ज्यांना स्ट्रायपर ऐकायचा आहे त्यांनी ‘टू हेल विथ द डेव्हिल’पासून सुरुवात करावी आणि लगेच ‘नो मोअर हेल टू पे’ लावावा. मधल्या सत्तावीस वर्षांत मायकेलचा आवाज किती खाली आला आहे आणि किती नाही, हे कानांनीच तपासावे. आणि या दोहोंतला पहिला अल्बम ऐकताना एवढे ध्यानात ठेवावे, की छायाचित्रात टिम गेन्स उभा असला तरी कानावर पडणारा बेस ब्रॅड कॉबचा आहे.