मे महिन्यात करडीबद्दल मत बनवू नका!

उन्हाळ्यात मोहाडी तालुक्यातल्या करडीला मुक्कामी आलेला पाहुणा भंडारा जिल्ह्याला लगेच ‘रखरखीत’ ठरवून मोकळा होतो. पारा ४५ अंशांकडे झुकलेला, बांध्या भेगाळलेल्या. दिसतं ते खोटं नाहीच. पण इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि धान त्याच पाण्यावर पिकतं. कोहळी समाजाने पूर्वी बांधलेले तलाव, म्हणजे आजचे माजी मालगुजारी ऊर्फ ‘मामा’ तलाव, हेच पाणी अडवून धरतात. कुणी विचारेल, मग मे महिन्यात ते कोरडे का? काही गाळाने भरलेत, हा दोष मान्यच. पण बरंचसं पाणी तोवर धानाला देऊन झालेलं असतं; तलाव बांधले होते तेही त्यासाठीच, शोभेसाठी नव्हे. जिल्हा पाहायचाच तर रोवणीच्या दिवसांत या, चिखलाची तयारी ठेवून.