पाकिटाच्या कोपऱ्यातला कॅमेऱ्याचा बाजार

एक्झाक्टा या जर्मन कॅमेऱ्याचा इतिहास पुस्तकांत सहज सापडतो. योहान स्टेनबर्गेन या डच गृहस्थांनी १९१२ मध्ये ड्रेस्डेनला ईहागे ही कंपनी काढली. ज्या भिंगातून बघायचं त्याच भिंगातून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र टिपणारा ‘किने एक्झाक्टा’ तिने १९३६ मध्ये लायपझिगच्या व्यापारी जत्रेत मांडला. १९५४ च्या ‘रिअर विंडो’ या चित्रपटात जेम्स स्ट्यूअर्टच्या हातात लांबलचक भिंग लावलेला जो कॅमेरा दिसतो, तो एक्झाक्टाच. पण हा माल परदेशातल्या दुकानांपर्यंत कोणी पोचवला, कोणत्या नावाने आणि कोणत्या सालापर्यंत, याबद्दल ही पुस्तकं फारसं बोलत नाहीत.

संपादकांनी जुन्या कॅमेऱ्यांवर लिहायला सांगितलं म्हणून मी पुण्यातल्या एका वयस्कर संग्राहकांकडे गेलो. कॅमेरे त्यांच्याकडे मोजकेच आहेत, पण कॅमेरे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांची एअरमेल पाकिटं खोकी भरून आहेत. लाल-निळ्या तिरक्या पट्ट्यांच्या काठाची, हातात घेतली की चुरचुरणारी. चिमट्याने एकेक उचलून ते टेबलावर ठेवतात आणि तिकिटाकडे सर्वांत शेवटी बघतात.

आधी डावा वरचा कोपरा, म्हणजे पाठवणाऱ्याचं छापील नाव-गाव. मग टाइप केलेला पत्ता: दुकान, आयातदार की एखाद्या गिऱ्हाइकाचं घर? मग टपालशिक्क्यावरची तारीख. त्यानंतर मागची बाजू, कारण वाटेतल्या आणि पोचल्याच्या गावाचे शिक्के बहुधा तिथे असतात. शेवटी एकूण हशील. त्यावरून आतल्या कागदाच्या वजनाचा अंदाज येतो. जाड सूचीपत्रं विमानाने पाठवणं परवडण्यासारखं नव्हतं. विमानाने जायचं ते निकडीचं: भाव, मागणी, तक्रार, हुंडीची कागदपत्रं. असं पाकीट म्हणजे व्यापाराच्या रोजमेळाचं एक सुटं पान.

मला खिळवून ठेवलं ते लाल फ्रँकिंगने. मोठ्या कंपन्या तिकिटं चिकटवत बसत नसत. त्यांच्या टपाल-टेबलावर फ्रँकिंगचं यंत्र असे. टपालखात्याकडे पैसे आगाऊ भरायचे, खात्याने सील केलेला मोजणी-भाग तेवढ्याच रकमेचे ठसे देणार. ठशात उजवीकडे रक्कम, मध्ये गाव आणि तारीख, आणि डावीकडे कंपनीची स्वतःची पट्टी: नाव, बोधचिन्ह, कधी नव्या मालाची जाहिरात. तारखेची चाकं कारकुनाने रोज सकाळी फिरवायची. डावीकडची पट्टी बदलता येत असे, त्यामुळे कंपनी त्या महिन्यात काय खपवू पाहत होती तेही पाकिटावर उमटून राही. ठशात यंत्राचा क्रमांकही असतो. एकाच क्रमांकाची पाकिटं तारखेने लावली की कंपनीने नाव कधी बदललं, पत्ता कधी हलवला, हे दिसू लागतं.

ड्रेस्डेनच्या बाबतीत याचं मोल मोठं आहे. चार कंपन्या एकत्र येऊन १९२६ मध्ये झाइस इकॉन तिथे उभी राहिली. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर जळालं. जूनमध्ये अमेरिकनांनी येना इथल्या कार्ल झाइस कंपनीतले निवडक शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ पश्चिमेकडे नेले आणि पुढच्याच महिन्यात येना रशियनांच्या ताब्यात गेलं. त्यानंतर जर्मनीच्या फाळणीबरोबर कंपन्याही दुभंगल्या: एक झाइस पूर्वेकडे येनाला, दुसरी पश्चिमेकडे ओबरकोखेनला. एक झाइस इकॉन ड्रेस्डेनला, दुसरी स्टुटगार्टला. नावाच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं खटले चालले. पश्चिमेकडे विकायच्या पूर्व जर्मन भिंगांवरून झाइसचं नाव उतरलं आणि नुसतं ‘येना’ उरलं. ईहागेची मालकी डच असल्यामुळे तिचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं झालं. पुढे पश्चिम जर्मनीतही एक ईहागे निघाली. हा सगळा झगडा पाकिटांच्या कोपऱ्यांत तारीखवार नोंदलेला आहे. पूर्व जर्मनीत निर्यातीचा व्यवहार सरकारी संस्थेकडे होता. म्हणून कॅमेरा ड्रेस्डेनचा, पण विक्रीचं पत्र बर्लिनच्या ‘डीआयए फाइनमेकानिक-ऑप्टिक’कडून. माल बनवणाऱ्याच्या हातून विक्री गेली होती, हे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरूनच कळतं.

यात मुंबईही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि युरोपचं हवाई टपाल मुंबईला जोडलं गेलं. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मनीशी व्यापार तुटला. इतर देशांच्या पाकिटांवर सेन्सॉरच्या चिकटपट्ट्या दिसू लागल्या. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे कॅमेऱ्यांची आयात परवान्यावर आली. पूर्व जर्मनीला भारताने राजनैतिक मान्यता दिली १९७२ मध्ये, पण व्यापार करार १९५४ मध्येच झाला होता. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत पूर्व जर्मनीचा प्राक्टिका कॅमेरा आणि तिथल्याच ऑर्वोची फिल्म कशी आली, याची साखळी त्या करारापासून सुरू होते.

ही साखळी जुळवणं मात्र अवघड आहे, आणि त्याची काळजी वाटते. पहिली अडचण तिकीट जमवणाऱ्यांचीच. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी पाकिटाचा कोपरा कापला, पाण्यात भिजवला, तिकीट सोडवलं आणि बाकीचं फेकलं. लाल फ्रँकिंगला तिकीटच नसल्याने ती पाकिटं तर थेट रद्दीत गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांवरची शाई ओल लागून पसरली आहे.

दुसरी अडचण खरेपणाची. पहिल्या विमानफेरीची आठवण म्हणून संग्राहकांनी मुद्दाम पाठवलेली पाकिटं कंपनीच्या छापील कागदाचीही असू शकतात. त्यांतून व्यापार सिद्ध होत नाही. हशील वजनाला जुळतं का, पाकीट कामाच्या घाईत फाडलेलं आहे का, त्याच पत्त्याची आणखी पाकिटं आहेत का, हे पाहावं लागतं. एका पाकिटावरून काही ठरवू नये. दहा सारखी दिसली तर बोलावं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी: आतलं पत्र नसतं. पत्र फायलीत गेलं, फाइल दुकानाबरोबर गेली. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, कोलकात्याचा बोर्न अँड शेफर्ड हा फोटो स्टुडिओ २०१६ मध्ये बंद झाला. नावाजलेल्यांची ही गत, तर तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओच्या पत्रव्यवहाराची विचारपूस कोण करणार?

म्हणून ज्यांच्या घरी आजोबांचा किंवा वडिलांचा स्टुडिओ होता, कॅमेऱ्याचं दुकान होतं, त्यांना विनंती आहे. माळ्यावरचं गाठोडं रद्दीवाल्याला देण्याआधी उघडा. तिकिटं कापू नका, पाकीट आणि पत्र वेगळं करू नका, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नका. दुकान कुठे होतं, कधीपासून कधीपर्यंत चाललं, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. मग जवळच्या संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर निदान दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. महाराष्ट्रातल्या छायाचित्रणाच्या व्यापाराचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि त्याचे पुरावे आज तुमच्या माळ्यावर आहेत.