ब्रेक आणि सही



माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा गॅरेजच्या खड्ड्यात भरली. गाडीखाली उताणे पडून जे शिकलो आणि रात्री पुस्तकांवरून पडताळून पाहिले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

धावत्या गाडीच्या अंगी जी शक्ती असते, तिची उष्णता करून टाकणे एवढेच ब्रेकचे काम. वेग दुप्पट झाला की ही शक्ती चौपट होते. म्हणून ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर गाडी थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. बोरघाटासारखा लांब उतार केवळ ब्रेकवर उतरले की लायनर तापतात आणि पकड सुटते. गाडी खालच्या गिअरात ठेवली, तर इंजिनच तिला धरून ठेवते.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो? कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितले. आपल्या मोटारीचे पेडल त्याच नियमावर चालते. नळीत हवा शिरली तर ती दबते आणि पेडल स्पंजासारखे लागते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा नळी तपासावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर तिथल्या आणि समोरच्या, दोन्ही चाकांचे ब्रेक पाहावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताजे डॉट-३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून डबी भरलेली दिसली, तरी ऑइल ठरल्या मुदतीत बदलावे.

आता पोटातली गोष्ट. १९८८ साली मी एका गॅरेजात उमेदवार होतो. एका ट्रकचे लायनर रिव्हेटपर्यंत झिजले होते. मालक म्हणाले, "माल आजच पोचायचाय. लिहा, ब्रेक तपासले." मिस्त्रींच्या घरी खाणारी सहा तोंडे, त्यांनी लिहिले. दोन दिवसांनी ट्रक उतारावर सुटला आणि क्लीनरचा पाय गेला. चौकशीत कागदावर सही मिस्त्रींची निघाली. हुकुमाला सही नव्हती. त्या दिवशी मी संघटनेचा झालो.

दुसरा धोका धुळीचा. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या झोताने उडवली की फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरवला. हक्क मिळाला, पण झोत मारणारा हात आपणच थांबवायचा आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

आपण गाडी गॅरेजात द्याल, तेव्हा तीन गोष्टी करा. चाक उतरवून ब्रेक पाहायला सांगा. काढलेले लायनर स्वतः पाहा. आणि मिस्त्री "गाडी आज मिळणार नाही" म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. नाही म्हणण्याची त्याची मुभा हा आपल्या गाडीचा पहिला ब्रेक आहे.