चौकातली ‘ती’

तुमच्या गावात पुतळे किती, असं कुणी विचारलं तर बोटांवर मोजून सांगता येतील. एसटी स्टँडसमोर एक, बाजारपेठेत एक, नगरपालिकेच्या आवारात एक. जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांना धुऊन काढतात, दुसऱ्या दिवशी हार घालतात आणि उरलेलं वर्षभर आपण त्यांना वळसा घालून भाजी आणायला जातो. पत्ता सांगताना मात्र ते हमखास उपयोगी पडतात. ‘पुतळ्यापासून डावीकडे वळा!’

मीही अशाच एका तालुक्याच्या गावची. सध्या डिझाइनचं शिक्षण घेतेय. डिझाइन म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, ही आता ड्रेस शिवणार. खरं तर बसायच्या खुर्चीपासून बसस्टॉपच्या पाटीपर्यंत सगळंच त्यात येतं. आमच्या कॉलेजात अधूनमधून कलाकार मंडळी पाहुणे म्हणून येतात, आठ-दहा दिवस राहतात, आमच्याबरोबर काम करतात. मागच्या वर्षी एक शिल्पकार बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी ना स्लाइड दाखवल्या, ना भाषण केलं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “तुझ्या गावातल्या चौकात बाई आहे का? असेल तर ती काय करतेय?”

उत्तरं आली. जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, घोड्यावरची झाशीची राणी. बाई म्हणाल्या, “या तर थोरच. त्यांची जागा कुणी घेऊ शकत नाही. पण डोक्यावर मोळी घेतलेली, कामावर निघालेली, कडेवर पोर असलेली? ती कुठे आहे?” वर्ग गप्प. मग त्या म्हणाल्या, “एकदा शांतिनिकेतनला जाऊन या.”

आम्ही तिघी मैत्रिणी सुट्टीत गेलो. आणि तिथे ‘ती’ भेटली.

कलाभवनच्या आवारात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये केलेलं ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प आहे. पुरुषाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपलीत लेकरू. शेजारी बायको, डोक्यावर ओझं नि कडेवर मूल. बरोबर त्यांचा कुत्रा. सगळा संसार उचलून हे कुटुंब चाललंय. ना तलवार, ना घोडा, ना उंच चौथरा. शिल्प जमिनीपासून फार वर नाही, त्यामुळे आपण त्यांच्या वाटेतच उभ्या आहोत, असं वाटतं. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. मला मात्र त्या बाईची चाल आधी दिसली. दमलेली आहे, पण थांबलेली नाही. ऊसतोडीला निघालेल्या बायका आपण दरवर्षी बघतोच की! अगदी तशीच.

आणि हे केलंय कशात? संगमरवरात नाही, ब्राँझमध्ये नाही. साध्या सिमेंटमध्ये, तिथल्याच तांबड्या मातीतली मुरमाड खडी मिसळून. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर ते मिश्रण थापत जायचं. महागड्या धातूला पैसे कुठून आणणार? मग जे पायाखाली होतं तेच वापरलं. म्हणूनच की काय, ती माणसं त्याच मातीतून उगवल्यासारखी वाटतात.

जवळच त्यांचं १९५६ चं आणखी एक शिल्प आहे. गिरणीचा भोंगा झालाय आणि दोन कामकरी बायका धावत सुटल्यात. ओलं लुगडं वाऱ्यावर वाळवत वाळवत चाललंय, मागे एक पोरगं. घरचं आवरून आठ पाचची गाडी गाठणाऱ्या कुठल्याही बाईला हे शिल्प समजावून सांगावं लागणार नाही!

इथे एक गोष्ट कळली आणि मी चाटच पडले. रामकिंकर बांकुड्याच्या एका गरीब घरातला मुलगा. १९२५ साली तो शांतिनिकेतनला आला, तेव्हा तिथे शिल्पकला शिकवण्याची फारशी सोय नव्हती. पण रवींद्रनाथ टागोरांनी तिथे देशोदेशीचे पाहुणे बोलावण्याचा परिपाठच ठेवला होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे दोन शिल्पकार आल्या. एक ऑस्ट्रियाच्या लिझा फॉन पॉट आणि दुसऱ्या इंग्लंडच्या मार्गरीट मिलवर्ड. मिलवर्डबाई फ्रान्सच्या नामवंत शिल्पकार बूर्देल यांच्या शिष्या. म्हणजे ज्याला आज आधुनिक भारतीय शिल्पकलेचा आद्य शिल्पकार मानतात, त्याला सुरुवातीला हात धरून शिकवणाऱ्यांत दोन पाहुण्या बायका होत्या! त्या आल्या, थोडे दिवस राहिल्या, गेल्या. त्यांची नावं किती जणांना ठाऊक असतील? पण त्यांनी दिलेलं त्या पोराच्या हातात राहिलं. एखादी मावशी चार दिवस माहेरपणाला येते आणि जाताना एखादा टाका शिकवून जाते, तसंच हे.

१९३५ मध्ये रामकिंकरांनी उंच, सडपातळ मुलीचं एक शिल्प झाडांमध्ये उभं केलं. त्यांचे गुरू नंदलाल बोस यांनी सुचवलं, हिच्या डोक्यावर पात्र दे. झाली ती ‘सुजाता’, बुद्धाला खीर देणारी. असं सांगतात, की ते शिल्प पाहून रवींद्रनाथांनी रामकिंकरांना बोलावलं आणि हे सगळं आवार शिल्पांनी भरून टाक म्हणून सांगितलं. कुणीतरी ‘कर’ म्हणावं लागतं हो! नुसता हातात गुण असून भागत नाही. २०२३ मध्ये शांतिनिकेतनला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याच्या मुळाशी असे अनेक ‘कर’ आहेत.

परत आल्यावर मी शोधायला लागले, आपल्याकडे काय आहे? फार लांब जावं लागलं नाही. अलिबागजवळ सासवने नावाचं गाव आहे. शिल्पकार वि. पां. ऊर्फ नानासाहेब करमरकर तिथले. १८९१ चा जन्म, घरी गणपती करण्याची परंपरा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तिथल्या इंग्रज कलेक्टरच्या नजरेस पडलं आणि त्याने या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पाठवलं. पुढे पुण्यातला शिवरायांचा १९२८ चा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांनी केला. पण सासवन्याच्या त्यांच्या घरात आणि अंगणात भेटतात ती साधी माणसं. कोळीण आहे, गावातली माणसं आहेत, गुरंढोरं आहेत. सिमेंटची म्हैस अशी हुबेहूब, की आता शेपूट हलवेल! हे घर आज संग्रहालय आहे. कुटुंबाने, विशेषतः त्यांच्या सुनेने, ही शिल्पं वर्षानुवर्षं जिवापाड जपली. शिल्प करणाऱ्याचं नाव राहतं, पुसणाऱ्या हाताचंही राहायला हवं.

नाही जपलं तर काय होतं, तेही ऐका. पिलू पोचखानवाला या मुंबईच्या शिल्पकार. आधी जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी, मग १९५१ च्या परदेश प्रवासात शिल्पं पाहिली आणि त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शिल्पकला सुरू केली. लोखंडाचे टाकाऊ तुकडे जोडून त्या शिल्पं करत. मुंबईत हाजी अलीच्या चौकात त्यांचं ‘स्पार्क’ नावाचं शिल्प होतं. एका बाईने केलेलं, भर रहदारीत उभं असलेलं! पुढे ते तिथून काढलं गेलं. ज्या चौकातल्या लोकांना एखादी वस्तू आपली वाटत नाही, तिथून ती हलली तरी कुणाला कळत नाही.

आणि मीरा मुखर्जी! कोलकात्यात जन्म, जर्मनीत म्युनिकला शिक्षण. परत आल्यावर त्या बस्तरला गेल्या, तिथल्या धातूकाम करणाऱ्या कारागिरांकडे शिकायला. मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या दोऱ्यांची नक्षी, वरून पुन्हा मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या रिकाम्या जागेत पितळ ओततात. या रीतीतून शिकत त्यांनी कलिंगच्या युद्धानंतरचा सम्राट अशोक साकारला. तोही माणसापेक्षा कितीतरी उंच. पाहुणे फक्त बोलवायचे नसतात, कधी आपणही कुणाच्या अंगणात पाहुणी होऊन बसायचं असतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आता माझं शेवटच्या वर्षाचं काम सुरू आहे. विषय घेतलाय आमच्याच गावचा बाजार-चौक. तिथल्या पुतळ्याभोवती लोखंडी रेलिंग आहे, त्याला कुलूप. आई आठवडी बाजारातून येताना दोन्ही पिशव्या त्या रेलिंगला टेकवते आणि उभ्यानेच दम खाते. पुतळ्याशेजारी फुलं आहेत, दिवे आहेत, पण बाईमाणसाला दोन मिनिटं टेकायला जागा नाही. पुरुषांना काय, चहाच्या टपरीचा बाक आहे.

माझा आराखडा साधा आहे. पुतळ्याचा मान, त्याची जागा तशीच. फक्त बाजूला ओटा, ओझं डोक्यावरून न वाकता उतरवता येईल एवढ्या उंचीचा दगडी ठोकळा, आणि ओट्याच्या टोकाला सिमेंटची एक बाई. बसलेली, शेजारी तिची पाटी. आईला कागद दाखवला तर म्हणाली, “अगं, हिला एकटीला कशाला बसवतेस? शेजारी जागा मोठी ठेव, म्हणजे आम्हीपण बसू!” सरांनी गुण किती द्यायचे ते देतील, मला पहिला शेरा मिळाला.

हे चौकात प्रत्यक्ष उभं राहील का? त्यासाठी ठराव लागेल, पैसे लागतील आणि मुख्य म्हणजे मागणारे लागतील. म्हणून मैत्रिणींनो, तुमच्याशी हे बोलतेय. बचत गटाच्या बैठकीत, महिला मंडळाच्या हळदीकुंकवात हा विषय काढून बघा. वॉर्डसभेत, ग्रामसभेत विचारा, चौकाचं सुशोभीकरण होणार आहे तर आम्ही बसायचं कुठे? आणि गावात एखादं जुनं सिमेंटचं शिल्प असेल तर त्याला भेग पडलीय का ते बघा. भेगेतून पावसाचं पाणी आत शिरलं की सळ्या गंजून फुगतात आणि आतूनच शिल्प फुटतं. तेव्हा वरून सोनेरी रंग फासण्याआधी जाणकाराला दाखवा म्हणावं. घराच्या स्लॅबचं आपण हेच करतो ना?

रामकिंकरांच्या त्या संथाल बाईला ऐंशीहून अधिक वर्षं झाली, अजून चालतेच आहे. आपल्या चौकात तिला घटकाभर बसायला जागा मिळाली, तर तिच्याबरोबर आपणही टेकू.