गांठ स्वर्गांतली, पारख विहिरीवरची

विवाहाच्या गांठी ईश्वर बांधतो, मनुष्य केवळ निमित्त, असें आपण सर्वच म्हणत असतों. मुलीचें लग्न जुळलें म्हणजे हें वाक्य समाधानानें उच्चारलें जातें, मोडलें म्हणजे सुस्कारा टाकून. परंतु त्याचा नेमका अर्थ काय? गांठ जर वरूनच बांधून येते, तर आईबापांनीं हात जोडून स्वस्थ बसावें कीं डोळे उघडून पाहावें? या प्रश्नाचा शेंकडों वर्षें खल केलेला एक समाज म्हणजे यहुदी लोक. आणि त्यांची एक शाखा तर आपल्याच कोंकणांत मराठी बोलत वाढलेली आहे.

ही शाखा बेने इस्रायल लोकांची. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेलाचे घाणे चालवून ते उपजीविका करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, केहीमकर हीं त्यांचीं आडनांवें ऐकलीं म्हणजे परकेपणा उरत नाहीं. त्यांच्या लग्नांत मेंदी आहे. आणि पोहे, गूळ, खोबरें व फळें यांचा 'मलिदा' एलिया संदेष्ट्याच्या नांवानें केला जातो. अलिबागेजवळ खंडाळें येथील एका खडकावर एलियाच्या रथाची खूण उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा असून तेथें नवस बोलतात व फेडतात. मात्र प्रार्थना एकाच निराकार ईश्वराची. संदेष्टा हा केवळ त्याचा दूत.

या लोकांच्या धर्मग्रंथांत विवाहाविषयीं काय म्हटलें आहे? गर्भास आकार येण्यापूर्वीं चाळीस दिवस आकाशवाणी होते व अमक्याची कन्या अमक्यास दिली असें जाहीर होतें, असा तल्मुदांत अभिप्राय आहे. आपली सटवाई जन्मानंतर कपाळीं लिहून जाते. त्यांचा लेख जन्माच्याही फार आधींचा! दुसऱ्या एका जुन्या ग्रंथांतली कथा तर मोठी गमतीची आहे. सृष्टि निर्माण केल्यापासून तुमचा ईश्वर काय करीत बसला आहे, असें एका रोमन बाईनें योसे नामक पंडितास विचारलें. तो जोड्या जुळवितो, असें उत्तर आलें. त्यांत काय मोठेंसें, म्हणून बाईनें आपल्या हजार दासांचीं व हजार दासींचीं लग्नें एका रात्रींत लावून दिलीं. सकाळीं कोणाचें डोकें फुटलेलें, कोणाचा डोळा गेलेला, कोणाचा पाय मोडलेला! योसेनें सांगितलें कीं, जोडी जुळविणें ईश्वरासही समुद्र दुभंगण्याइतकें कठीण वाटतें.

आतां मनुष्याच्या वांट्याचें काम पाहा. बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत वृद्ध अब्राहाम आपल्या सेवकास दहा उंट देऊन पुत्र इसहाक याच्यासाठीं वधू पाहावयास पाठवितो. सेवक संध्याकाळीं गांवाबाहेरच्या विहिरीशीं येऊन ईश्वराजवळ खूण मागतो. कोणती? जी मुलगी मला पाणी देईल आणि आपण होऊन उंटांसही पाजीन म्हणेल, तीच ती. रिबका खालीं उतरते, घागर भरून वर येते आणि तसेंच करते. आमच्या चारठाण्याची जुनी बारव ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस पायऱ्या उतरून भरली घागर वर आणणें म्हणजे काय हें सांगावयास नको. तहानलेला उंट एका वेळीं शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊं शकतो. त्याच्या निम्मेंच धरलें तरी दहा उंटांस पांचशें लिटर, म्हणजे दहा लिटरांच्या घागरीच्या पन्नास खेपा! सेवकानें मागितलेली खूण पाल चुकचुकण्यासारखी नव्हती. ती शीलाची परीक्षा होती.

तरीही तल्मुदकारांनीं या सेवकास सोडलें नाहीं. त्याची मागणी बेसावधपणाची होती, दैवानेंच ती निभावली, असा ठपका त्यांनीं ठेविला. वधूस प्रत्यक्ष पाहिल्यावांचून विवाह ठरवूं नये, व मुलगी मोठी होऊन 'मला अमका पाहिजे' असें म्हणेपर्यंत बापानें तिला कोणास देऊं नये, असेंही त्यांनीं सांगितलें. रिबकेच्या घरच्यांनींही शेवटीं तिला बोलावून 'जातेस काय?' असें विचारलें होतें. बाराव्या शतकांतील थोर पंडित मायमोनिडीज यानें तर, विवाह हें धर्मकृत्य आहे, तेव्हां तें करणें न करणें मनुष्याच्या इच्छेवर आहे, असें स्पष्ट प्रतिपादिलें.

आणि स्वर्गांत बांधलेल्या गांठीसही पृथ्वीवर अडथळे येतातच. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबें मोठ्या संख्येनें इस्रायलांत गेलीं. तेथील धर्माधिकाऱ्यांनीं १९६२ सालीं, या लोकांचे इतर यहुद्यांशीं विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा दंडक घातला. शेंकडों वर्षें शनिवार पाळलेल्या लोकांस हा अपमान असह्य झाला. त्यांनीं निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें ते सर्व बाबतींत यहुदी आहेत असा निर्वाळा दिला.

आपल्या शास्त्राचा रोंखही फारसा निराळा नाहीं. आश्वलायन गृह्यसूत्रांत वधूपरीक्षेसाठीं मातीचे आठ गोळे सांगितले आहेत. शेतांतली, गोठ्यांतली, चव्हाट्यावरची, स्मशानांतली अशी ती माती. मुलगी जो गोळा उचलील त्यावरून तिचें भवितव्य जाणावयाचें. हा कौलच झाला! परंतु त्याआधीं सूत्रकारांनीं कुळाची पारख करावयास, बुद्धिमान् वरासच कन्या द्यावयास आणि वधूची बुद्धि व शील पाहावयास सांगितलें आहे. गोळे त्यानंतरचे. सावित्रीनें तर स्वतः वर निवडला आणि नारदांनीं अल्पायुष्याचें भविष्य सांगितल्यावरही निवड बदलली नाहीं.

आमच्या एका हुशार विद्यार्थिनीचीं तीन स्थळें मंगळापायीं परत गेलीं. चौथ्याची पत्रिका उत्तम जुळली, म्हणून एका बैठकींत लग्न ठरलें. मुलाच्या व्यसनाची चौकशी कोणीं केली नाहीं व मुलीस कोणीं विचारलें नाहीं. दोन वर्षांत ती माहेरीं परतली, तेव्हां घरांतील वडील मंडळी म्हणाली, 'ईश्वरेच्छा!' आमच्या मतें ही ईश्वरेच्छा नव्हे. आपण न केलेल्या चौकशीचें ओझें ईश्वराच्या माथीं मारणें आहे.

पत्रिका पाहूं नका किंवा देवास कौल लावूं नका, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या घरांत आजी, काकू, आत्या अशीं जाणतीं माणसें नांदत आहेत, तेथें तर चौकशीस दहा डोळे आहेत. ते सर्व उघडे ठेवावे. मुलगा घरच्या गड्याशीं कसा बोलतो, पाहुण्यांचें ताट उचलतो कीं नाहीं, हें पाहावें. आणि सुपारी फोडण्यापूर्वीं मुलीस माजघरांत एकटें बसवून तिचें मन विचारावें. ती 'नाहीं' म्हणाली, तर तेंही ईश्वराचेंच उत्तर समजावें.